एका भरतीला साडेएकवीस क्विंटल

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशभरातल्या घरांना दवाखान्याचा खर्च विचारला गेला. कर्करोगासाठी एकदा भरती झालेल्या माणसामागे सरकारी रुग्णालयात सरासरी २२,५२० रुपये आणि खासगी रुग्णालयात ९३,३०५ रुपये लागतात, असे त्यातून निघाले. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,३२० रुपये. भागाकार केला तर खासगी दवाखान्यातली एक भरती पडते साडेएकवीस क्विंटलला आणि सरकारीतली सव्वापाच क्विंटलला. वर्धा जिल्ह्यातल्या कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल कापूस घरी आला की वर्ष बरे गेले म्हणतात. म्हणजे चार-पाच एकरांचे अख्खे पीक, बियाणे-खत-फवारणी-वेचणीचा खर्च न धरता, एका भरतीत संपले. शिवाय ते वर्ष गुलाबी बोंडअळीचे होते. हमीभाव कागदावर होता, बोंडात मात्र अळी होती.

बरे, कर्करोग एका भरतीत सुटत नाही. तोंडाच्या कर्करोगाचेच घ्या, खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, या मुलखात तो घरोघर माहीत झालेला आहे. गालाच्या आत आधी पांढरा चट्टा येतो, मग न भरणारी जखम. गावातल्या डॉक्टरकडचे मलम होते, तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरकडे एक-दोन चकरा होतात, मग कोणीतरी वर्ध्याला पाठवतो. तिथे तुकडा काढून तपासायला देतात, सीटी स्कॅन होतो, रक्त तपासतात. मग ऑपरेशन. जखम भरली की सहा-सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज शेक, म्हणजे रेडिएशन. अनेकांना त्यासोबत किमोही लागते. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जायचे, निदान पहिली दोन वर्षे तरी.

या सगळ्यात दवाखान्याचे बिल हा खर्चाचा एक भाग. बाकीच्या भागाची पावती कोणी देत नाही. सोबतीला राहणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. तो माणूस घरचा असल्याने निंदणाला आणि वेचणीला बाहेरचा मजूर लावावा लागतो, म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा जाते. किमो चढवून आलेला माणूस एसटीत उभा राहू शकत नाही, म्हणून गाडी भाड्याने करावी लागते. ज्याला तोंडाने गिळता येत नाही त्याच्या नळीतून दूध, अंडी, सूप, भुकटी जाते. घरात बाकीच्यांच्या ताटात जे असते त्यापेक्षा ते महाग असते. बैल असतील तर त्यांना वैरण कोण घालणार, इथून हिशेब सुरू होतो.

या जिल्ह्यात अशी घरे जवळून पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे. कर्करोगाने घर आर्थिकदृष्ट्या मोडते ते बहुतेक दोन ठिकाणी : निदान होण्याच्या आधीच्या आठवड्यांत आणि रुग्णालयाच्या फाटकाबाहेर. मधला टप्पा, म्हणजे ऑपरेशन, शेक आणि किमो, तो आज महाराष्ट्रात बऱ्यापैकी सरकारी योजनेत बसतो. पण त्या टप्प्यापर्यंत पोचेतोवर अनेकांनी वावर गहाण टाकलेले असते.

आधीच्या आठवड्यांचे पाहू. आमच्याकडे आजार अंगावर काढण्याचे एक ठरलेले वाक्य आहे : ‘सोयाबीन निघाल्यावर जाऊ.’ सोयाबीन निघते दसऱ्याच्या आसपास. आषाढात लागलेली गाठ अशी तीनेक महिने थांबते. सोयाबीन निघाले, पैसा हातात आला, तर आधी कृषी केंद्राची उधारी द्यायची असते, मग ‘कापूस विकल्यावर’ हे दुसरे वाक्य येते. हा निष्काळजीपणा आहे असे शहरातल्या माणसाला वाटते. ज्याच्याकडे वर्षातून दोनदाच रोकड येते त्याच्यासाठी तो हिशेब आहे, आणि तोच हिशेब त्याला सगळ्यात महाग पडतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी तोंडाच्या कर्करोगाच्या उपचाराचा खर्च बारकाईने मोजला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णामागे तो सुमारे १ लाख १७ हजार रुपये आला, पुढच्या टप्प्यातल्या रुग्णामागे २ लाख २ हजारांच्या वर. लवकर आलेल्याचे पुष्कळदा एका ऑपरेशनवर भागते. उशिरा आलेल्याला ऑपरेशन, शेक आणि किमो असे तिन्ही लागते, आणि इतके करूनही जगण्याची शक्यता कमी असते.

याच आठवड्यांत दुसरी गोष्ट घडते. घाबरलेले घर ज्याने कोणी पहिल्यांदा ‘लगेच करा’ म्हटले त्याच्याकडे पैसे भरून मोकळे होते. नातेवाइकांची उसनवारी, सोनाराकडे पोत, मायक्रोफायनान्सचे कर्ज, असे करून पहिले ऑपरेशन उरकते. पैसे संपतात तेव्हा कोणीतरी योजनेचे सांगतो. आणि मग कळते की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रोकडरहित आहे. आधी भरलेले पैसे ती परत देत नाही. अर्धवट उपचार झालेला, पहिल्या ऑपरेशनचे पुरेसे कागद नसलेला रुग्ण मग मोठ्या रुग्णालयात येतो, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी काय झाले हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. तपासण्या पुन्हा होतात. तो खर्चही पुन्हा.

खरे तर वर्धा जिल्ह्याची गोष्ट याहून बरी असायला हवी होती. तेरा लाख वस्तीच्या, आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात दोन मोठी अध्यापन रुग्णालये आहेत, एकमेकांपासून काही किलोमीटरवर. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्याच्या जोडीला सिद्धार्थ गुप्ता स्मृती कर्करुग्णालय. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. शेजारच्या नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. ज्या तुकडोजी महाराजांचे नाव नागपूरच्या रुग्णालयाला आहे ते स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले, हे विदर्भातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

सेवाग्रामबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण आजारपणाचा पैसा गावाने मिळून कसा उभा करायचा हा प्रश्न या देशात फार थोड्या ठिकाणी इतक्या गंभीरपणे घेतला गेला. कस्तुरबांच्या निधनानंतर, १९४४-४५ च्या सुमारास, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात स्त्रिया आणि मुलांसाठी लहानसा दवाखाना सुरू केला. त्याचेच पुढे रुग्णालय झाले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. देशातले खेड्यात उभारलेले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. सत्तरचे दशक संपताना आणि ऐंशीचे सुरू होताना आसपासच्या गावांत एक योजना रुजली. तिला लोक ज्वारीचा विमा म्हणत. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

पद्धत सोपी होती. पीक निघाले की गावात सभा व्हायची. प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची : ज्याचे वावर मोठे त्याने जास्त पायल्या, भूमिहीन मजुराने थोड्या. रोकड मागितली असती तर मजुराकडे ती कधीच नव्हती, ज्वारी मात्र मजुरीतूनही घरात येत असे. गावातली तीन चतुर्थांश घरे सामील झाली तरच ते गाव योजनेत घेतले जाई. ही अट महत्त्वाची होती. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तेवढेच लोक विमा घेतील तर तो विमा टिकत नाही. धडधाकट घरांनीही पायली टाकली पाहिजे. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक, औषधे, आणि अचानक उद्भवलेल्या आजारात रुग्णालयातला उपचार मोफत. बाळंतपण, मोतीबिंदू यांसारख्या आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींसाठी खर्चाचा काही वाटा घराने उचलायचा.

ज्या वर्षांत दिल्लीत किंवा मुंबईत गरिबांच्या आरोग्य विम्याचा कोणी विचारही करत नव्हते, त्या वर्षांत सेवाग्रामच्या भोवतालची खेडी तो पायलीने मोजून भरत होती. आज जिल्ह्यात ज्वारीच फार कमी पेरली जाते. त्या जागी सोयाबीन आले, कपाशी वाढली, आणि खळ्यावर धान्य मोजून देण्याचा प्रसंगच उरला नाही. तरी त्यातली एक गोष्ट आजच्या योजनांनी घ्यावी अशी आहे : आजार येण्याआधी, सगळे धडधाकट असताना, गावाने एकत्र बसून त्याची तयारी करणे.

राज्य सरकारने हा प्रश्न हातात घेतला तो बराच उशिरा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत वर्धा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचे कवच होते आणि पिवळे-केशरी कार्ड लागत असे. पांढरे कार्ड असलेला शेतकरी त्यात बसत नव्हता; पण शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर प्रवेश मिळाला आणि त्या चौदांत वर्धा होता. आमच्या जिल्ह्याला एखादी सवलत मिळते ती अशा कारणाने, हे लिहिताना बरे वाटत नाही. २०२३ च्या जुलैमधल्या शासन निर्णयाने ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी पूर्ण जोडून कवच पाच लाखांचे केले, कार्डाच्या रंगाची अट काढली आणि यादीत १,३५६ उपचार घेतले. कर्करोगाची ऑपरेशने, शेक आणि किमो त्यात आहेत.

पाच लाखांत तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा नेहमीचा उपचार बसतो. मग अडते कुठे? अडते कागदावर.

योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीपाशी उभे राहा आणि लोकांच्या हातातल्या पिशव्या पाहा. कापड दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फाईल. फाईलमध्ये घडी पडून पडून चार तुकडे व्हायला आलेले रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, तुकड्याच्या तपासणीचा कागद, सीटीच्या काळ्या फिल्मा, पावत्या. रेशनकार्डावर बाईचे नाव शेवंता, आधारवर शेवंताबाई, दवाखान्याच्या केसपेपरवर संगणकाने तिसरेच काहीतरी केलेले. लग्न होऊन पंधरा वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून निघालेले नाही आणि सासरच्या कार्डात चढलेले नाही. म्हातारा वेगळ्या चुलीवर राहतो, पण कार्ड थोरल्याकडे आहे आणि थोरल्याशी बोलणे नाही. यातली एकही अडचण वैद्यकीय नाही. पण उपचाराची पूर्वमंजुरी या कागदांवर चालते, आणि नाव दुरुस्त करायला तहसील कार्यालयात जाऊन यायचे तर आष्टी किंवा कारंजाच्या माणसाचा दिवस जातो, कधी आठवडा जातो. तेवढ्यात घरचे म्हणतात, चाला, पैसे भरून करून घेऊ. वावर गहाण पडते ते या खिडकीपासून पंधरा पावलांवर.

तुकड्याच्या तपासणीचाही असाच घोळ. उपचाराला मंजुरी हवी तर कर्करोग सिद्ध करणारा अहवाल हवा. तो अहवाल, स्कॅन, रक्त, ये-जा हे सगळे मंजुरीच्या आधीचे. ज्याला शेवटी कर्करोग नाही असे निघते त्याचा खर्च तर कोणत्याच खात्यात जात नाही. तपासणीच्या टप्प्याला गरिबांसाठी काही रक्कम योजनेने उघडपणे बाजूला काढली तर लोक लवकर येतील, आणि लवकर आलेला रुग्ण सरकारलाही स्वस्त पडेल. हे गणित टाटा मेमोरियलच्या वरच्या दोन आकड्यांत स्पष्ट आहे.

औषधांचे थोडे वेगळे आहे. कर्करोगाची जुनी औषधे आता पुष्कळ स्वस्त झाली, आणि त्यांतल्या काहींमागे मोठी कायदेशीर लढाई आहे. ९ मार्च २०१२ ला भारताने पहिल्यांदा सक्तीचा परवाना दिला : बायर कंपनीचे नेक्साव्हार हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध महिन्याला २ लाख ८० हजारांना विकले जात होते, ते हैदराबादच्या नॅटकोने महिन्याला ८,८८० रुपयांच्या आत द्यायचे ठरले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरचा पेटंटचा दावा फेटाळला, आणि रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात आयुष्यभर घ्यायची ती गोळी जेनेरिक म्हणून गरिबाच्या आवाक्यात राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ४२ कर्करोग-औषधांवरचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर आणून ठेवला. सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटीही उतरला.

तरीही छापील किमतीत आणि रुग्णालयाला पडणाऱ्या किमतीत अजून मोठे अंतर असते, आणि ते अंतर कोणाच्या खिशात जाते हे रुग्णाला माहीत नसते. सेवाग्रामने जेनेरिक औषधांचे स्वतःचे दुकान चालवून, डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या पुढाकाराने, हे अंतर रुग्णाच्या बाजूने वळवले. देशातली कर्करुग्णालये राष्ट्रीय कर्करोग ग्रिडखाली एकत्र येऊन औषधे घाऊक विकत घेऊ लागली तेव्हा भाव किती खाली येतात तेही दिसले. जे सेवाग्रामसारख्या खेड्यातल्या रुग्णालयाला जमते ते इतरांना का जमू नये, याचे उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेले नाही.

नवी औषधे मात्र या सगळ्याच्या बाहेर आहेत. इम्युनोथेरपीचा एकेक डोस लाखाच्या घरात जातो. इथे एक गोष्ट डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवी आणि ती फार थोडे सांगतात : या औषधाने रोग जाणार आहे, की काही महिने वाढणार आहेत? मुलगा बापासाठी वावर विकायला तयार असतो, आणि विकू नको असे त्याला गावात कोणी म्हणू शकत नाही. म्हटले तर ते निर्दयी ठरते. डॉक्टर म्हणू शकतो. रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल तर वेदना थांबवणारी मॉर्फिनची गोळी काही रुपयांत मिळते. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन ती देण्यातली अडचण कमी झाली. बाप दुखणे न सोसता घरी, आपल्या माणसांत गेला आणि वावर शिल्लक राहिले, यात कोणाची माया कमी पडली असे मी मानत नाही.

आता फाटकाबाहेरचा खर्च. रोज शेक घ्यायचा तर आर्वी-आष्टीच्या माणसाने वर्ध्यात राहायचे कुठे? खोली भाड्याने घ्यावी तर दीड महिन्याचे भाडे, आणि न घ्यावी तर रोजची ये-जा. अनेकजण नातेवाइकांकडे उतरतात. पहिला आठवडा पाहुणचार, दुसऱ्या आठवड्यापासून ओशाळे होणे. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण आणि सोबतच्या माणसासाठी दोन वेळच्या जेवणासह पंचवीस-तीस खाटांचे साधे सदन उभे करणे हे बाजार समितीला, जिल्हा बँकेला, एखाद्या मोठ्या गणेश मंडळाला अशक्य नाही. मुंबईत हे कधीचे झाले आहे. टाटा रुग्णालयात जाणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असते, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ठाऊक असते. आमच्याच मुलखातल्या, खराटा हातात घेतलेल्या त्या माणसाच्या नावाने मुंबईत देशभरचे कर्करुग्ण टेकतात आणि त्याच्या स्वतःच्या वऱ्हाडात रुग्णाचा भाऊ रुग्णालयाच्या व्हरांड्यात चादर टाकून झोपतो.

मुंबईला जायलाच हवे का, हाही प्रश्न आहे. गावात प्रतिष्ठेचा भाग म्हणून ‘टाटाला नेले’ असे सांगितले जाते. नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगाला सेवाग्राम, सावंगी, नागपूर पुरेसे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्मीळ प्रकार असेल किंवा डॉक्टरांनीच पाठवले असेल तर जावे. जायचे तर रेल्वेची सवलत घेऊन जावे. कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडे माफ आहे, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. रुग्णालयाच्या डॉक्टरची सही-शिक्का असलेला ठरलेला अर्ज तिकीट खिडकीवर द्यायचा असतो. सेवाग्राम एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस दोन्ही वर्ध्याहून मिळतात. एसटीत कर्करुग्णाला सवलत आहेच, आणि मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धे तिकीट.

उपजीविकेचे काय? कमावता माणूस वर्षभर घरी बसला तर त्याच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि कर्करोगाचे नाव तिच्या निकषांत स्पष्ट लिहिलेले आहे. महिन्याला दीड हजार रुपये. तहसील कार्यालयात अर्ज करायचा. पण अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. महिन्याला साडेसतराशे रुपये. इतक्या उत्पन्नात जगणारे घर रोजगार हमीवर एक माणूस काही महिने गेला तरी अपात्र ठरते. ही अट म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा डोक्याएवढा करण्यासारखे आहे. कर्करुग्णांपुरती तरी ती बदलली पाहिजे. बांधकाम मजूर म्हणून मंडळात नोंदणी असेल तर गंभीर आजारासाठी वेगळी मदत मिळते. नोंदणी मात्र आजाराच्या आधीची लागते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. हे सगळे आहे. पण बापाची गाठ कळलेल्या दिवशी यातले एकही नाव मुलाला कोणी सांगत नाही.

आणि आजार बाईला असेल तर? घर तिच्यावर खर्च करत नाही असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. बायकोसाठी जमीन विकलेली माणसे या जिल्ह्यात आहेत. पण स्तनातली गाठ ती स्वतःच महिनोन्‌महिने सांगत नाही, कारण सांगितले की खर्च निघेल हे तिला कळते. पोरीचे लग्न ठरलेले असते. बचत गटाचा हप्ता तिच्या नावावर असतो आणि तिने तो भरला नाही तर गटातल्या बाकीच्या बायकांना तो भरावा लागतो. रुग्णालयातही पुरुष रुग्णाच्या सोबतीला बायको असते, बाई रुग्णाच्या सोबतीला बहीण किंवा माय. तीस वर्षांवरच्या बायांची स्तनाची, गर्भाशयमुखाची आणि तोंडाची तपासणी आशा आणि उपकेंद्रामार्फत मोफत करायची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ज्या गावात आशाताई ती मनावर घेते तिथे बाई सुरुवातीच्याच टप्प्यात दवाखान्यात पोचते. या एका कामाचा मोबदला आशाताईला चांगला मिळाला पाहिजे, कारण त्यातून वाचणारा पैसा मोजायला गेलो तर मोठा आहे.

आजारपणाचे कर्ज मात्र सरकारी हिशेबात येतच नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे जून २००६ च्या शेवटी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आमच्या जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले. त्यानंतर सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याची भिस्त व्याजमाफी, कर्जाची फेररचना आणि सिंचनावर होती. पीककर्ज दिसते, त्याची नोंद असते, ते माफ होऊ शकते. आजारपणासाठी सोनाराकडून, कृषी केंद्रवाल्याकडून, साळ्याकडून घेतलेले कर्ज कुठल्या यादीत येत नाही. शेतकऱ्याने जीव दिला तर मदत मिळण्यासाठी नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष पाहिले जातात. बायकोच्या किमोसाठी केलेली उसनवारी त्यात बसत नाही, आणि फाईलवर ‘अपात्र’ असा शेरा पडतो.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याचे जाहीर झाले. ती मनापासून चालवली तर किमो जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल. पण हिंगणघाट आणि आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयांतही साधी किमो, रक्ताची तपासणी आणि नळीची निगा मिळायला हवी, तरच गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी वाचेल. त्याहून स्वस्त आणि उद्या सकाळी करता येईल असे एक काम आहे : निदानाचा कागद ज्या टेबलावरून दिला जातो त्याच्या शेजारच्या खुर्चीत समाजसेवा अधीक्षक बसवा. कर्करोग आहे हे सांगितल्यावर पुढच्या दहा मिनिटांत, घर पैशाची जुळवाजुळव करायला बाहेर पळण्याआधी, योजनेची, कागदांची, सवलतींची आणि राहण्याची गोष्ट त्याच इमारतीत सांगितली गेली पाहिजे. औषधाची चिठ्ठी जशी डॉक्टर लिहून देतो तशी ही चिठ्ठीही लिहून मिळाली पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण पुण्या-मुंबईत, नागपुरात नोकरीला असतील आणि दिवाळीला गावी जातील. फराळ झाल्यावर घरातले रेशनकार्ड मागून घ्या. आई-वडील, भाऊ-वहिनी, मुले, सगळ्यांची नावे त्यात आहेत का आणि ती आधारशी अक्षरनअक्षर जुळतात का ते पाहा. प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढलेले आहे का ते विचारा. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कोणाच्या तोंडात न भरणारी जखम असेल, आईने कुठे गाठ लागल्याचे कधी अर्धवट सांगितले असेल, तर सोयाबीनचा हिशेब होण्याची वाट न पाहता त्यांना घेऊन सेवाग्राम-सावंगी गाठा. आणि नावे जुळत नसतील तर भाऊबीजेनंतर कार्यालये उघडली की परतीच्या गाडीत बसण्याआधी तहसीलला दुरुस्तीचा अर्ज देऊनच निघा.